चालती यंत्रे भंगारात

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या कार्यप्रणालीची नियमित देखभाल थांबवली. त्या दिवशी गिरगावच्या वा लालबागच्या चाळीतले लॅपटॉप काही बंद पडले नाहीत. आदल्या दिवशी जे यंत्र चालत होते ते दुसऱ्या दिवशीही चालले. बदलले ते एवढेच की, प्रणालीत पुढे सापडणारी सुरक्षेची भगदाडे फुकट बुजवून देण्याची जबाबदारी कंपनीने अंगावरून झटकली. पर्याय म्हणून विंडोज ११ पुढे करण्यात आली. परंतु जुन्या यंत्रांपैकी फार मोठ्या भागावर ती चढवण्यास कंपनीची मान्यताच नाही. टीपीएम २.० नावाची, गुप्त किल्ल्या जपणारी व्यवस्था यंत्रात हवी आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा, या तिच्या अटी आहेत. म्हणजे २०१७ पूर्वी बनलेले बहुतेक लॅपटॉप एका फटक्यात अपात्र. त्यामुळे जगभरातील सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात, असा अंदाज कॅनालिस या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये मांडला होता.

या अटी ग्राहकाच्या सुरक्षेसाठी आहेत, असे कंपनीचे म्हणणे आहे. त्यात तथ्य मुळीच नाही असे नाही. पण सातव्या पिढीच्या अनेक लॅपटॉपांत टीपीएम २.० आहे आणि तरीही ते यादीबाहेर आहेत. २०२१ मध्ये कंपनीने या पिढीतील काही मोजक्या प्रोसेसरांना सवलत दिली. त्यांतला एक होता ७८२०एचक्यू. आणि हा प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्याच सर्फेस स्टुडिओ २ या महागड्या संगणकात बसवलेला होता. स्वतःच्या दुकानातला माल सुरक्षित आणि त्याच पिढीचा दुसऱ्याचा माल असुरक्षित, या न्यायाला तंत्रशास्त्र म्हणणे कठीण आहे.

यंत्राची खरी मर्यादा कोठे असते, हेही कंपनीच्याच करणीतून दिसले. २०२४ च्या विंडोज ११ आवृत्तीला प्रोसेसरमध्ये ज्या आज्ञा लागतात, त्या साधारण २००८ पूर्वीच्या प्रोसेसरांत नाहीतच. तेथे ती प्रणाली सुरूच होत नाही. तिथपर्यंतची मर्यादा यंत्राची. त्यानंतर २०१७ पर्यंतच्या नऊ वर्षांची मर्यादा कागदावर आखलेली.

गिरणगावाला ‘यंत्रे जुनी झाली’ हे कारण नवे नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद ठेवताना ते दिले गेले आणि १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांची जमीन बाजारात आणण्याची वाट खुली केली. त्या जमिनीवर लोअर परळमध्ये आज कचेऱ्यांचे मनोरे आहेत. अशा कचेऱ्या तीन-चार वर्षांनी लॅपटॉप बदलतात. बदललेले लॅपटॉप घाऊक व्यापाऱ्यांमार्फत दुरुस्त होऊन बाजारात येतात. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला लॅमिंग्टन रोड, या बाजाराचे मुंबईतले मोठे ठाणे. नव्या लॅपटॉपची किंमत ज्या घराला झेपत नाही, त्या घरातील मुलगी प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्तीचा फॉर्म आणि परीक्षेचा अभ्यास अशाच यंत्रावर करते. तिच्या वडिलांनी दोन वर्षांपूर्वी घेतलेले यंत्र कंपनीच्या लेखी मेलेले आहे, हे तिला कोणी सांगितलेले नसते. नेमक्या याच थरावर ही सक्ती कोसळते. मनोऱ्यातल्या कचेरीला तिची झळ लागत नाही.

म्हणूनच दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांनी वाट काढली आहे. रुफस नावाच्या छोट्याशा मोफत प्रोग्रॅमने पेनड्राइव्ह तयार केला, की टीपीएमची आणि मेमरीची तपासणी गाळून विंडोज ११ बसवता येते आणि ती चालतेही. परंतु अशा यंत्राला पुढील सुधारणा मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. सुधारणा न मिळणे ही क्षुल्लक बाब नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या किड्याने जगभरात रुग्णालयांपासून कारखान्यांपर्यंतचे संगणक कुलूपबंद केले. त्यावरचा उपाय मार्चमध्येच निघाला होता, पण लाखो यंत्रांवर तो बसवलेला नव्हता. त्या वेळी मायक्रोसॉफ्टने तीन वर्षांपूर्वी वाऱ्यावर सोडलेल्या विंडोज एक्सपीलाही तातडीने उपाय पुरवला. म्हणजे मनात आणले तर जुन्या प्रणालीला सांभाळता येते.

आताही विंडोज १० साठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव देखभाल कंपनीने जाहीर केली, ती ३० डॉलर मोजून किंवा आपल्या यंत्रातील मांडणी कंपनीच्या दूरस्थ साठ्यात ठेवण्याच्या अटीवर. युरोपातील ग्राहक संघटनांनी हरकत घेताच तेथे ही साठवणुकीची अट गळून पडली. भारतातील ग्राहकासाठी ती राहिली. येथे अशी हरकत एकमुखाने घेतली गेली नाही, हे नमूद करणे भाग आहे.

दुसरी वाट लिनक्सची. लिनक्स मिंटसारखी मुक्त प्रणाली दहा वर्षांच्या लॅपटॉपवर बिनतक्रार चालते, तिला परवान्याचा पैसा पडत नाही आणि सुरक्षेच्या सुधारणा नियमित येतात. सी-डॅकने बॉस या नावाची भारतीय भाषांना धरून असलेली लिनक्सही तयार केली आहे. ज्या घरात संगणक ब्राउझर, पत्रे आणि अभ्यासाचे व्हिडिओ यांपुरता वापरला जातो, तेथे आज दुपारी बदल करून संध्याकाळी काम सुरू होऊ शकते. अधूनमधून वाय-फायची एखादी चिप किंवा जुना स्कॅनर रुसतो. जाणता कारागीर त्याचाही मार्ग काढतो.

पण सगळीकडे इतके सोपे नाही. गिरगाव-दादरच्या लहान छापखान्यांत आणि डीटीपीच्या खोल्यांत लग्नपत्रिकेपासून दिवाळी अंकापर्यंतचा मजकूर अजूनही बऱ्याच ठिकाणी श्रीलिपीसारख्या विंडोजवरील सॉफ्टवेअरने आणि युनिकोडपूर्व फॉन्टांनी जुळवला जातो. वीस-पंचवीस वर्षांचे साठवलेले काम त्याच सांकेतिक रूपात आहे. दुकानदाराचे हिशेब टॅलीत, तेही विंडोजचेच. त्यांना ‘लिनक्स घ्या’ असा उपदेश करून भागत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरी मराठी छपाई त्या वळणावर पुरती आली नाही, याला सरकारची उदासीनता जितकी कारण तितकीच व्यवसायाची सवय.

सवय घडवण्यात शासनाचाही वाटा आहे. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटीने लाखो तरुणांना संगणक शिकवला, हे श्रेय तिचेच. पण त्यांच्या मनात संगणक म्हणजे विंडोज हे समीकरण पक्के झाले तेही तेथेच. केरळने त्याच सुमारास आयटी@स्कूल हा प्रकल्प सुरू केला आणि काही वर्षांतच शाळांचे संगणक शिक्षण मुक्त प्रणालीवर नेले. तेथील शाळांना कोणत्याही कंपनीच्या घोषणेने आपले जुने संगणक फेकावे लागत नाहीत. मुंबई महापालिकेच्या शाळांना आणि अनुदानित वाचनालयांना हे अशक्य आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी एक संकेतस्थळही उघडले. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. दोन्हींचा भर वस्तू फुटली, बिघडली वा टाकून दिली तर काय, यावर आहे. न बिघडलेली वस्तू दूर बसून बाद ठरवणाऱ्याला जाब विचारण्याची तरतूद त्यांत दिसत नाही. प्रणाली विकताना ती किती वर्षे सांभाळली जाईल हे खोक्यावर छापणे, यंत्र चालू शकत असेल तोवर सुरक्षेच्या सुधारणा विनाअट देणे, आणि ते करायचे नसेल तर त्या प्रणालीची मूळ संहिता इतरांना खुली करणे, एवढी तरी सक्ती कायद्याने व्हायला हवी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने स्थापन झालेल्या केंद्रीय प्राधिकरणाला ग्राहकवर्गाच्या वतीने चौकशी करण्याचा अधिकार आहे. तक्रार सामुदायिक असेल तर तिचे वजन वाढते.

तोवर विभागाविभागातील कार्यकर्त्यांच्या हाताशी काम आहे. परळ-लालबागच्या अभ्यासिकांत, मंडळांच्या कार्यालयांत किती जुने लॅपटॉप पडून आहेत याची यादी करावी. लॅमिंग्टन रोडवरील एखाद्या कारागिराला त्याची मजुरी देऊन रविवारी बोलवावे आणि आधी सर्व कागदपत्रांची प्रत काढून ठेवून मग प्रणाली बदलावी. हा क्रम चुकवू नये.