अल्फा का हरला?
डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने 1992 मध्ये 'अल्फा' हा 64-बिट प्रोसेसर आणला. पुढच्या वर्षी आलेला इंटेलचा पेंटियम 60 आणि 66 मेगाहर्ट्झवर चालत होता. अल्फा तेव्हाच दीडशेच्या घरात होता. चिप उत्तमच होती. पण कचेरीतल्या माणसाला मेगाहर्ट्झ नको होते, आपला जुना प्रोग्रॅम नव्या यंत्रावर जसाच्या तसा चालायला हवा होता. अल्फावर विंडोज एनटी चालत असे, पण त्यासाठीची बहुतेक सॉफ्टवेअर इंटेलच्या चिपसाठी लिहिलेली. ती अल्फावर चालावीत म्हणून डिजिटलने इंटेलसाठीच्या सूचनांचे अल्फाच्या सूचनांत रूपांतर करणारे 'एफएक्स!32' हे सॉफ्टवेअर तयार केले. विलक्षण कल्पक काम होते ते, पण या रूपांतरातच अल्फाची आघाडी खर्ची पडे. शिवाय यंत्रे महाग, म्हणून खप कमी. खप कमी, म्हणून सॉफ्टवेअर लिहिणारे फिरकेनात आणि किंमतही उतरेना. 1998 मध्ये कॉम्पॅकने डिजिटल विकत घेतली आणि 2001 मध्ये अल्फाऐवजी इंटेलच्या इटेनियम प्रोसेसरकडे वळत असल्याचे जाहीर केले. माझ्या मते चांगल्या अभियांत्रिकीवरचा हा मोठा अन्याय होता. अल्फासाठी घडवलेली बस, म्हणजे प्रोसेसरला बाकी यंत्राशी जोडणारा मार्ग, 1999 मध्ये एएमडीच्या अथलॉन प्रोसेसरने घेतली. अथलॉनवर मात्र लोकांचे जुने प्रोग्रॅम चालत होते, आणि तो खपला.