साखळीचा कोन आणि कामगाराची बोटे

राजारामपुरीतून उद्यमनगरात शिरले की टेम्पोतून कास्टिंग उतरवण्याचे काम कुठल्या ना कुठल्या शेडसमोर चालू असते. वर चेन पुली, तिच्या हुकाला दोन पायांची साखळी, म्हणजे चेन स्लिंग, आणि माल हेलकावू नये म्हणून त्याला हात लावून उभा असलेला हेल्पर. अपघात विभागात बहुधा हाच हात येतो.

३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्री शहापूरजवळ सरलांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारे यंत्र कोसळले आणि २० जणांचा जीव गेला. तेव्हा मोठ्या यंत्रांच्या सुरक्षेवर बरीच चर्चा झाली. शेडमधल्या साखळीवर मात्र अशी चर्चा होत नाही, कारण तिथे एका वेळी एखादेच बोट जाते.

साखळी दगा देते ती बऱ्याचदा वजनापेक्षा कोनामुळे. भरलेली घागर दोरीला अडकवून दोघांनी उचलावी. दोघे जवळ असतील तर ती हलकी वाटते, लांब सरकले की त्याच घागरीने हात भरून येतात. साखळीचेही तसेच. एक टन माल दोन सरळ पायांवर असेल तर प्रत्येक पायावर ५०० किलो येतात. दोन पायांमधला कोन ६० अंश झाला की ५७७, ९० अंशाला ७०७, आणि १२० अंशाला थेट १००० किलो. माल रुंद, साखळी आखूड आणि घाई असली की कोन फाकतोच. मोजपट्टी नसली तरी एक खूण पुरते: मालावरच्या दोन हुकांमधले अंतर साखळीच्या एका पायाइतके असेल तर कोन ६० अंशांचा. अंतर त्याहून जास्त असेल तर लांब साखळी घ्यावी.

गाठ मारलेली, पीळ पडलेली किंवा नटबोल्टने जोडलेली साखळी वापरूच नये. हुकाच्या टोकावर भार घेऊ नये. फौंड्रीत तापलेल्या मालाला लावलेल्या साखळीची ताकद उष्णतेने घटते, हे तर अनुभवी माणसेही विसरतात. साखळी ताणण्याआधी हात बाहेर काढावा, माल वीतभर उचलून थांबावे, तोल पाहावा आणि पुढे त्याला दोरीने वळवावे. खाली कोणी नको. विसर्जनाच्या क्रेनखाली मोबाइल घेऊन उभे राहणाऱ्यांनाही हेच लागू.

कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २९ नुसार अशा साखळीची दर १२ महिन्यांतून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून तपासणी आणि तिच्यावर सुरक्षित भाराची खूण बंधनकारक होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत विजेवर चालणारा कारखाना २० कामगारांपासून मोजला जातो. जुन्या केंद्रीय कायद्यात हा आकडा १० होता. पाच-सात माणसांची शेड दोन्हींतून निसटते. तिथे साखळीवरचा बिल्ला हाच निरीक्षक, आणि नेमका तोच अनेकदा पुसलेला किंवा तुटलेला असतो.

साखळीत चिरडलेले बोट सुरीने कापलेल्या बोटासारखे नसते. रक्तवाहिन्या बऱ्याच लांबीपर्यंत ठेचल्या जातात, त्यामुळे ते पुन्हा जोडणे अवघड होते. बोटात खड्याची अंगठी असेल तर ती अडकून कातडीच ओरबाडून निघू शकते. कामावर येताना अंगठी घरी ठेवावी, ग्रह कोणताही असो. बोट तुटलेच तर जखमेवर स्वच्छ कापडाने दाब द्यावा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात टाकले तर ऊती गोठून निकामी होतात. पिशवी रुग्णासोबतच पाठवावी. ती शेडमध्ये राहून गेली तर शोधून आणेपर्यंत वेळ निघून जातो.