ढग सिवनीवर, पाणी भंडाऱ्यात

परवा भंडाऱ्याहून मामांचा फोन. "काऊन रे, तुमचा तो सॅटेलाइट पानी येनार म्हनते, अन् इथं त ऊन हाय!" आता मी बँकेचं सॉफ्टवेअर लिहितो, पण मामांच्या लेखी सगळे कॉम्प्युटरवाले एकच. असो.

मामांचं निम्मं बरोबर आहे. हा उपग्रह पाऊस थेट मोजतच नाही. इन्सॅट-३डीआर (२०१६) आणि ३डीएस (२०२४) ३६ हजार किलोमीटरवरून, १० ते १२ मायक्रॉनच्या इन्फ्रारेडमध्ये, ढगाच्या माथ्याचं तापमान बघतात. माथा थंड म्हणजे ढग उंच, म्हणजे बहुधा पाऊस. पण पिंजलेल्या कापसासारखे विरळ ढगही थंडच असतात आणि थेंब टाकत नाहीत. शिवाय चित्रातला एक ठिपका ४ किलोमीटरचा. मामांची धानाची बांधी त्यात कुठे शोधणार?

तरी त्या ठिपक्यामागचं इलेक्ट्रॉनिक्स वाचून मी चाट पडलो. आपल्या आसपासच्या तापमानाची प्रत्येक वस्तू याच लहरी सोडते, अगदी तो डिटेक्टरसुद्धा. म्हणजे हातात कंदील धरून काजवा शोधायचा! म्हणून डिटेक्टर उणे १७० अंशांच्या आसपास ठेवतात, तोही फ्रीजसारखा कॉम्प्रेसर न लावता, काळ्या अवकाशाकडे तोंड केलेल्या रेडिएटरने. मग चिमुकला सिग्नल गोंगाट न मिसळता मोठा करायचा. बिघडलं तर स्क्रूड्रायव्हर घेऊन वर जाता येत नाही. हे अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने जमवलंय.

म्हणूनच ऑगस्ट २०२० सलतो. महिनाअखेरीस वैनगंगा भंडारा शहरात शिरली. मुख्य पाऊस वर मध्य प्रदेशातला. सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून पाणी सुटलं, इकडे गोसीखुर्दचे ३३ दरवाजे उघडावे लागले. तेव्हाही इन्सॅट दर अर्ध्या तासाला चित्र पाठवत होताच. ढग दिसतो, पण त्या ढगाचं पाणी किती वाजता कोणाच्या उंबऱ्याला लागेल, हे त्या चित्रात नसतं. त्यासाठी नदीची पातळी, धरणाचा विसर्ग, दोन राज्यांची आकडेवारी एका जागी आणून गावाच्या नावानिशी मेसेज जायला हवा. माझ्या मते हे काम डिटेक्टर थंड ठेवण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे, आणि ते आपल्यासारख्यांचं आहे. पण आपण डोकं लावतो ते पिझ्झावाला कुठल्या सिग्नलला थांबलाय हे दाखवण्यात.

मामांना म्हटलं, "पुराची भीती असेल तर तुमच्या आभाळाकडे नका बघू, सिवनीकडचं बघा."

"मले सिवनी कुठून दिसन? तूच सांगत जा न फोन करून."