नवें लक्षण आणि घरचें कर्तव्य

वडिलांचा कर्करोग बळावला, कीं प्रत्येक नवें लक्षण ‘आतां असेंच चालावयाचें’ म्हणून सोडून देण्याकडे घरच्या मंडळींचा कल होतो. आमच्या मतें हें योग्य नव्हे. पाठीचें नवें दुखणें, पायांतील शक्ति जाणें, लघवी अडणें, हीं मज्जारज्जूवर गांठीचा दाब पडत असल्याचीं चिन्हें असूं शकतात. औषधें व किरणोपचार यांनीं तो दाब पुष्कळदां कमी करतां येतो. परंतु पाय लुळे पडण्यापूर्वीं उपचार झाले, तर चालणें टिकण्याची आशा अधिक. म्हणून बीड जिल्ह्यांतील कुटुंबांनीं १९७४ सालीं स्थापन झालेल्या अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय त्याच दिवशीं गांठावें व जुने कागद दाखवावे. एवढ्यानें रोग हटत नाहीं. पण वडील आपल्या पायांनीं देवघरापर्यंत गेले, हें कांहीं थोडें नव्हे.