पद रिक्त, प्राध्यापक तासिकेवर, आरक्षण कागदावर!

आरक्षण रद्द करा, असे आज कोणी उघडपणे म्हणत नाही. तशी गरजच उरलेली नाही. कायदा तसाच ठेवायचा आणि तो ज्या पदांना लागू होतो ती पदेच भरायची नाहीत, एवढे केले की काम भागते. उच्च शिक्षणात सध्या हेच चालू आहे.

आधी थोडा इतिहास. एप्रिल २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने विद्यापीठाऐवजी विभाग हा आरक्षणाचा घटक मानला. ५ मार्च २०१८ ला यूजीसीने तसे परिपत्रक काढले. वरवर पाहता ही तांत्रिक बाब. पण हिशोब करून बघा. १३ बिंदूंच्या नामावलीत ओबीसींचा पहिला बिंदू चौथा, अनुसूचित जातींचा सातवा आणि अनुसूचित जमातींचा थेट चौदावा. समजा, एका विद्यापीठात २० विभाग आहेत आणि प्रत्येकात सहायक प्राध्यापकाची ३ पदे. विभागवार मोजले तर ६० पदांच्या पहिल्या भरतीत एकही पद राखीव नाही! तीच ६० पदे एकत्र मोजली तर केंद्राच्या टक्केवारीने सुमारे २९ पदे राखीव होतात. फक्त मोजण्याची पद्धत बदलली आणि २९ चे शून्य झाले.

जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केंद्राचे अपील फेटाळले. मग समाज रस्त्यावर उतरला. ५ मार्च २०१९ ला भारत बंद झाला, दोनच दिवसांत अध्यादेश निघाला आणि जुलैमध्ये संसदेने कायदा केला. संस्था हाच घटक, हे त्यात स्पष्ट लिहिले गेले. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये असाच कायदा केला. हे कोणाच्या मेहरबानीने मिळालेले नाही, लढून मिळवलेले आहे.

पण प्रस्थापितांनी दुसरी वाट शोधली. हा कायदा बोलतो मंजूर पदांवरील सरळसेवा भरतीबद्दल. ते पद भरलेच नाही तर? राज्यातल्या महाविद्यालयांत वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, शिकवून घेतले जाते. घेतलेल्या तासांचेच पैसे, सुट्टीचे काही नाही, पुढच्या वर्षी बोलावतील याची हमी नाही. अशा प्राध्यापकाने दहा वर्षे शिकवले तरी बिंदुनामावलीत त्या बिंदूसमोर शेरा एकच : रिक्त.

वर गुणवत्तेचा उपदेश आहेच. मुलाखतीत राखीव पदासाठी ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ म्हणायचे आणि त्याच विषयाचे तास नेट-सेट झालेल्या, पीएचडी केलेल्या आमच्याच मुलांकडून करून घ्यायचे. आम्ही विचारतो, तासिकेवर शिकवायला योग्य असलेला माणूस कायम पदावर बसायला अयोग्य कसा ठरतो? डिसेंबर २०२३ मध्ये तर अशी रिक्त पदे अनारक्षित करण्याची वाट यूजीसीच्या मसुद्यात दाखवली गेली. ओरड झाली म्हणून सरकारला खुलासा करावा लागला. ओरड झाली नसती तर?

सरकार म्हणते, पैसा नाही. पैसा नसेल तर त्याचा भार सर्वांवर सारखा पडायला हवा. बिंदू रिकामा राहतो तेव्हा संविधानाने दिलेले प्रतिनिधित्वही रिकामे राहते. आणि ज्याची नोकरीच दरवर्षी टांगणीला लागते, तो शिक्षक जातीय छळ झालेल्या विद्यार्थ्याच्या बाजूने साक्ष द्यायला कसा उभा राहील? म्हणून हा प्रश्न नोकरीपुरता नाही. वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या आपल्या मुलीचाही तो प्रश्न आहे.

१९१८ साली बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांच्या पिण्याच्या पाण्यावर हरकत घेतली होती. आता माठावर कोणी हरकत घेत नाही. त्या खोलीपर्यंत आपला माणूस पोचणारच नाही, अशी व्यवस्था झाली आहे.

तेव्हा करायचे काय? फक्त निषेध करून भागणार नाही. आपल्या भागातल्या प्रत्येक अनुदानित महाविद्यालयाची बिंदुनामावली माहिती अधिकारात मागवा. अर्जाला १० रुपये लागतात, उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. मंजूर पदे किती, भरलेली किती, राखीव बिंदूंवर रिक्त किती आणि कधीपासून, मागासवर्ग कक्षाने तपासणी शेवटची केव्हा केली, एवढे प्रश्न पुरेत. उत्तर नाही आले तर अपील करा. अर्ज सीएचबीवरच्या प्राध्यापकाच्या नावाने टाकू नका, त्याचे तास जातील. तो विद्यार्थी संघटनेने टाकावा, पालकांनी टाकावा, आपण टाकावा.

कायदा आपण रस्त्यावर मिळवला. आता तो रजिस्टरमध्ये शोधायचा आहे.

जय भीम! जय संविधान!