वादळाचें नांव घ्यावें कीं नाहीं?

लोक घाबरतील म्हणून संकटाचें नांव घेऊं नये, हें मत आम्हांस मान्य नाहीं. अमेरिकेंतील ओक्लाहोमाच्या माळरानावर उन्हाळ्याच्या तोंडीं आखातावरून उष्ण दमट वारा येतो. त्यावर पश्चिमेची कोरडी हवा व आणखी वर थंड प्रवाह असला, म्हणजे गडगडाटांतून सोंडेसारखें भोंवरी वादळ जमिनीवर उतरतें. त्याचें नांव ‘टॉर्नेडो’. सरकारी भाकितांत हा शब्दच कित्येक वर्षें वर्ज्य होता! ९ एप्रिल १९४७ च्या रात्रीं वुडवर्ड गांवीं शंभरांहून अधिक माणसें मेलीं. त्यांस पूर्वसूचना मिळाली नव्हती.

२० मार्च १९४८ रोजीं टिंकर येथील लष्करी विमानतळाची अशीच धूळधाण झाली. फॉबुश व मिलर या अधिकाऱ्यांनीं मागील वादळांचे नकाशे पडताळले. २५ मार्चला तींच लक्षणें दिसलीं. एकाच तळावर पांच दिवसांत दुसरें वादळ! तरीही त्यांनीं भाकीत केलें, आणि त्याच सायंकाळीं तें खरें ठरलें. सरकारी बंदी १९५० सालीं उठली.

आजही पुष्कळ इशारे फोल ठरतात, हें आम्ही नाकारीत नाहीं. रात्रभर व्यर्थ तळघरांत बसलेला शेतकरी सकाळीं हवामानखात्यास शिव्या देईल, खुशाल देवो.