बिस्किटातला '३२२' आणि आपले सोयाबीन

रोहिणखेडच्या किराणा दुकानात बिस्किटाचा पुडा उलटा करून पाहा. बारीक अक्षरात बहुधा 'इमल्सिफायर ३२२' सापडेल. हे लेसिथिन, आणि बहुतेक वेळा ते सोयाबीनचेच असते. म्हणजे आपलाच माल शहरात जाऊन पुडक्यातून परत आला!

गोबले या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८४० च्या दशकात लेसिथिन प्रथम अंड्याच्या बलकातून वेगळे केले. अंड्याचे महाग पडते. सूर्यफुलापासूनही निघते, पण बाजार सोयाबीनचा. तेल आणि पाणी एकजीव ठेवणे हे त्याचे मुख्य काम. चॉकलेटात शेकडा अर्धा टक्का घातले तरी मिश्रण पातळ होते, महागडे कोको बटर वाचते. दूध पावडर पाण्यात चटकन मिसळते तीही त्याच्याच जोरावर.

सॉल्व्हंट प्लँटच्या कच्च्या तेलात गरम पाणी मिसळले की चिकट गाळ फुगून वेगळा होतो. तो सुकवला की पातळ लेसिथिन. त्यातले तेल काढले की भुकटी. क्विंटलमागे तेल सुमारे १८ किलो आणि लेसिथिन जेमतेम अर्धा किलो. तेव्हा गावात लेसिथिनचा कारखाना काढू, असे कोणी सांगत आले तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे. भाव ठरतो तो ढेप आणि तेलावरच.

तरीही शेतकऱ्याने समजून घ्यावे असे यात आहे. गंजी पावसात भिजली, दाणा डागी झाला, की त्यातला हा चिकटा बिघडतो आणि पाण्याने नीट सुटत नाही. तेल साफ करायला खर्च वाढतो. ओल्या मालाला कट्टी लागते ती केवळ वजनापायी नव्हे. हमीभाव खरेदीची ओलाव्याची मर्यादा १२ टक्के; नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने त्या हंगामापुरती ती १५ केली. अडचणीतल्या शेतकऱ्याला ते हवेच होते, पण ओला माल त्याने सुधारत नाही.

दुसरे असे की भारतात जी.एम. सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही. बिगर-जी.एम. लेसिथिनला युरोपात खास मागणी असते. मग त्या गुणाचे पैसे बाजार समितीच्या लिलावात का दिसत नाहीत? व्यापारी विचारणार नाही. विचारायचे ते शेतकरी उत्पादक कंपन्यांनी. मात्र त्याआधी भिजलेली गंजी आणि कोरडा माल एकाच थ्रेशरखाली, एकाच पोत्यात घालणे थांबले पाहिजे.